६२ वर टिकून राहायची वही: पहिलं वर्ष

१७ मार्च २०२४, रविवार. वजन ६२.०

आज सकाळी काट्यावर ६२ आला. ७६.२ वरून इथवर यायला चौदा महिने लागले. उतरवतानाची वही वेगळी आहे, ती इथे परत लिहीत नाही. कसं उतरवायचं हे सांगणारे गल्लीत दहा भेटतात. उतरल्यानंतर काय करायचं हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, म्हणून ही दुसरी वही. माझ्यासारखी दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी आणि घरात पाच माणसांचं करणारी कुणी असेल, तर तिला कामाला येईल.

मापं लिहून ठेवते. वय ४७, उंची १५५ सेंटिमीटर. आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, रेघ २३ वर धरतात, त्या हिशोबाने मी ५५ ला यायला हवी. डॉक्टर म्हणाले, "आधी हे वर्षभर टिकवून दाखवा, मग पुढचं बोलू." कंबर ३३ इंच. डॉक्टरांची कंबर आणि आमच्या शिवणकामातली कंबर वेगळी असते बरं का. ब्लाऊजची कंबर आम्ही छातीखाली घेतो, परकराची नाडीपाशी. डॉक्टर घेतात ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध. तिथे बायकांना ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावं लागतं. माझे दीड इंच अजून बाकी आहेत.

आनंदाच्या भरात दुपारी माझी नऊ ब्लाऊजं काढली, आतून नवी टीप मारली आणि माया कापून टाकली. शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते: माया म्हणजे टिपेच्या आत दडवून ठेवलेलं जादा कापड. उद्या अंग भरलं तर टीप उसवून सैल करता यावं म्हणून ठेवतात. सासूबाई तिथेच लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, बोटभर तरी ठेवायचीस." म्हटलं, आई, आता परत जायचंच नाही, तर ठेवू कशाला? कडा ओव्हरलॉक करून, म्हणजे धागे सुटू नयेत अशा शिवून टाकल्या. चिंध्यांची एक पिशवी भरली.

३१ मार्च. ६३.१

दोन आठवडे वही कोरी. काट्यावर पायही ठेवला नाही. परीक्षा संपल्यावर पोरं दप्तर माळ्यावर टाकतात तसं झालं. मुद्दाम काही खाल्लं नाही असं वाटत होतं, पण नीट आठवल्यावर यादी निघाली: सकाळच्या चहात साखर परत आली, रात्रीच्या भाकरीसोबत भात परत आला आणि माहेराहून, तासगावहून, भावाने बेदाण्यांची पाच किलोची पेटी पाठवली.

आजपासून रोज सकाळी तोंड धुतल्यावर, चहाआधी काटा. आकडा रोज लिहायचा, पण निर्णय रविवारी सात दिवसांच्या सरासरीवर घ्यायचा. एका दिवसाच्या आकड्यावर रडायचं नाही आणि नाचायचंही नाही.

१० एप्रिल. ६३.६

काल पाडवा. श्रीखंड घरचंच, चक्का मीच बांधला होता. दोन वाट्या खाल्ल्या, वाईट वाटून घेतलं नाही. पुढे.

२८ एप्रिल. सरासरी ६२.७

या महिन्यात मोठा घोळ सापडला, सविस्तर लिहिते.

उतरवताना मी दिवसाला साधारण १,३०० कॅलरीवर होते. तिथेच कायम राहणं जमणार नव्हतं. केस गळत होते आणि संध्याकाळी चिडचिड व्हायची. पण ७६ किलोवर असताना जेवायचे तेवढंही आता चालणार नाही. अंग हलकं झालं की त्याला लागतंही कमी. माझ्या वयाउंचीच्या बाईचा हिशोब मांडला तर ७६ आणि ६२ यांत दिवसाला सुमारे २०० कॅलरींचा फरक पडतो. म्हणजे जुन्या जेवणातल्या दोन पोळ्या कायमच्या गेल्या. हे पचायला मला वेळ लागला. मनात कुठेतरी असं धरून चालले होते की वजन उतरलं की जुनं ताट परत मिळणार.

ठरवलं की दर आठवड्याला १०० कॅलरी, म्हणजे साधारण एक पोळी, वाढवत जायची आणि वजन कुठे थांबतं ते बघायचं. पहिल्या आठवड्यात एक पोळी वाढवली. सरासरी ४०० ग्रॅमने वर! एका पोळीने एवढं वाढेल का? पोळ्या मोजल्या, तेल मोजलं, कुठेच काही सापडेना.

सापडलं मशीनजवळ. माझ्या उजव्या हाताला हुकांचा डबा असतो आणि त्याला लागून अगदी तसाच दुसरा स्टीलचा डबा, बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणे भरलेला. दोरा संपला की एक चिमूट, बॉबिन भरताना एक चिमूट, गिऱ्हाईक उठून गेलं की एक मूठ. ते खाणं आहे हे डोक्यातच नव्हतं, हातच जायचा. ५५० रुपयांचा किचनचा काटा आणला आणि एक दिवस सकाळी डबा मोजला, रात्री परत मोजला. १०८ ग्रॅम कमी. निम्मे दाणे, निम्मे बेदाणे धरले तरी साडेचारशेच्या वर कॅलरी! एक पोळी वाढवली म्हणून मी आठवडाभर पोळीला दोष देत होते.

डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नेला. दाणे-बेदाणे बंद नाही केले. आता चार वाजता वाटीत ३० ग्रॅम मोजून घेते. पहिले चार दिवस हात सवयीने जायचा आणि बोटांना हुक टोचायचे.

२६ मे. सरासरी ६२.४

लग्नसराई. जेवण आता साधारण १,६०० वर आहे आणि वजन हलत नाही, म्हणजे माझा आकडा इथेच कुठेतरी. आंबे खाल्ले, रोज एक, जेवणातच, वर भात न घेता. आंब्याने काही झालं नाही.

त्रास झाला तो लोकांचा. या महिन्यात अकरा लग्नांना गेले. प्रत्येक मांडवात दोन-तीन बायका हात धरून विचारणारच: "काय गं, आजारी हाईस का? शुगर निघाली का? तोंड पार उतरलंय." एका मावशींनी तर ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताण आहे का म्हणून. चौदा महिने खपून मिळालेली गोष्ट लोकांना दुखणं वाटते. पंगतीत याचा उलटा परिणाम होतो. "घे गं, वाळलीयस" म्हणत जिलबी ताटात पडतेच. उपाय एकच सापडला: वाढपी यायच्या आत ताटात पहिल्यांदा भाजी-कोशिंबीर भरपूर घेऊन हळूहळू खात राहायचं. रिकामं ताट दिसलं की लोक वाढतात.

दुसरी गोष्ट चहा. मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर अर्धा कप. सीझनमध्ये दिवसाला सात-आठ. दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी, दूध वेगळं. आता गिऱ्हाइकाला पूर्ण कप आणि मला बिनसाखरेचा, तोही दिवसात दोनदाच. बाकीच्या वेळी हातात पाण्याचा पेला असतो. कुणाच्या लक्षात येत नाही.

२३ जून. सरासरी ६२.६

एक फसलेला प्रयोग. मुलीने मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची नावं त्यात घेतात. त्यातले बहुतेक जण दिवसाला तासभर तरी चालतात किंवा अंग हलवतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात आणि सकाळी खाल्ल्याशिवाय घर सोडत नाहीत. काटा आणि नाश्ता जमतो. माझं चालणं सांगलीच्या आमराई बागेत सकाळी चाळीस मिनिटं, त्यानंतर आठ-नऊ तास बैठक.

मला वाटलं, मशीनला मोटर आहे तीच काढावी. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी पायडलच मारत होते, तेव्हा कुठे गेले होते जिमला! मोटरचा पट्टा सोडला, मोठ्या चाकावर जुना चामड्याचा पट्टा चढवला, तेल घातलं. पहिला दिवस मजेत गेला. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा बोलायला लागला. वेग निम्म्याच्या खाली आला. एका साखरपुड्याची तीन ब्लाऊजं चुकली, दोन दिवस उशीर झाला आणि ६०० रुपये शिलाई सोडावी लागली. अकराव्या दिवशी मोटर परत लावली.

पण त्या अकरा दिवसांतून एक गोष्ट हाती लागली. इस्त्री आणि कापायचं टेबल वरच्या खोलीत नेलं. एका ब्लाऊजला अस्तर दाबणं, बाही दाबणं, गळा दाबणं असं चार-पाच वेळा तरी इस्त्रीपाशी जावं लागतं. चौदा पायऱ्या. आधी इस्त्री हाताशी होती म्हणून मी दोन-दोन तास खुर्चीवरून हलत नव्हते. कापतानाही आता उभी असते. गुडघ्याला चढ-उतार चालते, पायडल चालत नाही, कारण माहीत नाही.

२८ जुलै. सरासरी ६३.३

पाऊस. आमराई चिखलाने बंद, मग चालणं बंद. गावात सगळ्यांचे डोळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, पाणी किती फुटांवर आलं ते बघायला. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. २०१९ मध्ये घरात पाणी आलं होतं, त्यामुळे पाऊस वाढला की कापडाचे गठ्ठे वर चढवायला लागतात. तेवढाच व्यायाम.

आणि भडंग. पावसात सांगलीच्या घरात भडंग नाही असं होत नाही. चिरमुरे हलके, म्हणून आपण परातभर खातो. पण अर्धा किलो चिरमुऱ्यांना मी वाटीभर तेल, वर मूठ-मूठ दाणे आणि लसूण घालते. घरचं आहे म्हणून ते हलकं होत नाही. यावेळी पाव वाटी तेलात केलं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "हे चिरमुरे सर्दी झाल्यासारखे लागतायत." तेव्हा भडंग पहिल्यासारखंच होणार, मी वाटीने घेणार. पातेलं मांडीवर घेऊन बसायचं नाही.

२५ ऑगस्ट. सरासरी ६३.५

यंदा श्रावणात पाच सोमवार आहेत, तीन उपवास झाले. तिन्ही मंगळवारी वजन वर. उपवासाने वजन वाढतं हे सांगितलं तर लोक हसतात, म्हणून मोजलं. माझ्या ताटातली खिचडी: साबुदाणा कोरडा १०० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप दीड मोठा चमचा. सातशे कॅलरी. वर दही, वर बटाट्याचा पापड, चारला राजगिऱ्याचा लाडू. बिनउपवासाच्या दिवशी मी एका जेवणात पाचशेच्या पुढे जात नाही.

उद्याच्या सोमवारी भगर, ताक आणि काकडी. सासूबाईंना आधीच सांगून ठेवलंय, खिचडी त्यांच्यापुरतीच.

२२ सप्टेंबर. सरासरी ६३.४

ही नोंद नीट वाचा, माझे आठ दिवस यात वाया गेले.

गौरीपूजनाच्या दिवशी, ११ तारखेला, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी उरलेली. मोजून पाच खाल्ल्या, दूध-तूप घेऊन. शिवाय सोळा भाज्या, भजी, कटाची आमटी. १३ ला सकाळी काटा ६५.१! दहा तारखेला ६३.४ होतं. तीन दिवसांत १ किलो ७०० ग्रॅम.

माझे हातपाय गळाले. तो दिवस आणि पुढचा दिवस नुसतं फळ आणि ताक. डोकं दुखत होतं, हातात कात्री थरथरत होती, एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली. १५ ला रात्री अकरा वाजता सगळे झोपल्यावर अंधारात डब्यापाशी उभी राहून करंज्या खाल्ल्या. किती ते माहीत नाही, मोजल्या नाहीत. दिवा लावला नाही, कारण लावला असता तर मोजाव्या लागल्या असत्या.

मुलीने मग वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. १.७ किलोला तेरा हजार. पुरणपोळी सव्वातीनशेची धरली तर चाळीस पुरणपोळ्या. "आई, तू चाळीस खाल्ल्यास का?" मग उरलेलं काय? पाणी. गोड-पिठाचं जादा झालं की शरीर ते साठवतं आणि त्याच्या तिप्पट पाणी सोबत धरून ठेवतं, मीठ त्यात भर घालतं. डॉक्टरांना फोन केला तर तेही हेच म्हणाले. नेहमीचं जेवा, चाला, आठवड्यात जाईल. गेलं की. काही न करता आज ६३.४.

करंज्या मात्र चरबीच्या खात्यात.

नियम: सणानंतर चार दिवस काट्यावर उभंच राहायचं नाही. उपाशी तर अजिबात राहायचं नाही.

२० ऑक्टोबर. सरासरी ६४.३

सीझन. दसरा झाला, दिवाळीची ४१ ब्लाऊजं बाकी. रात्री एकला झोपते, सहाला उठते. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक भाकरीची लागत नाही, फरसाणाची लागते. बेदाण्यांचा डबा परत खाली आलाय. मीच आणला. चालणं नाही.

६४ दिसला, आता हालचाल करायला हवी. सीझन संपल्यावर बघू.

४ नोव्हेंबर. ६६.०

सण संपून चार दिवस व्हायच्या आत काट्यावर उभी राहिले, स्वतःचाच नियम मोडला. पण काल काय झालं ते लिहिते.

काल भाऊबीज. तासगावला जायचं म्हणून इरकल काढली, तिच्यावरचं खणाचं ब्लाऊज, मार्चमध्ये नेटकं केलेल्या नऊपैकी एक. बाहीत हात अर्धाच गेला. हुक तर समोरासमोर येईनात, मध्ये दोन बोटांचं अंतर. मी सवयीने ब्लाऊज उलटं केलं, टीप उसवायला. आत काहीच नाही. काठोकाठ ओव्हरलॉक. दुसरं काढलं, तेही तसंच. नऊच्या नऊ.

गेली बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना ऐकवत आलेय, "ताई, माया ठेवतेय हं, लागली तर उसवून देईन." आणि स्वतःच्या कपड्यात बोटभर ठेवली नव्हती. शेवटी अस्तराच्या कापडाचे दोन तुकडे दोन्ही बगलांखाली जोडले. रंग जुळत नव्हता. बस साडेनऊची होती. भावाला ओवाळताना कोपर अंगाला चिकटवून तबक धरलं, हात वर जाईना. भाऊ म्हणाला, "ताई, खांदा दुखतोय का?" हो म्हटलं.

वर वहिनीची आई: "आता कशी बरी दिसतेस! मध्यंतरी बघवत नव्हतं."

१० नोव्हेंबर. सरासरी ६४.९

पाणी गेलं, दीडेक किलो खरं आहे. रागाने नाही तर शांतपणे बसून ठरवलं.

माझी चूक फक्त दिवाळीची नव्हती. ६२ हा एकच आकडा धरला होता. ६२.१ झालं तरी मनात बिघडलं आणि एकदा बिघडलं की मग ६४ काय आणि ६६ काय. अंग काही आखीव लाकूड नाही. पाळीच्या आठवड्यात किलोभर वर जातं, सणात जातं, प्रवासात जातं. तेव्हा आता पट्टा धरायचा, ६१ ते ६४. आत असेल तर काही करायचं नाही. सरासरी ६४ च्या वर गेली की त्याच रविवारी तीन गोष्टी: फरसाण घरात आणणं बंद, रात्री एक भाकरी आणि उसळ, चालणं तासभर. सरासरी ६३ होईपर्यंत. सीझन असला तरी. सीझन असला तर ऑर्डरी कमी घ्यायच्या, ४१ ब्लाऊजांऐवजी ३५.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली तिने जरा धीर आला. वजन उतरल्यावर भुकेची रसायनं वर्षभराने सुद्धा जागेवर आलेली नसतात, शरीर जुनं वजन मागत राहतं. मला वाटत होतं मीच हावरी आहे.

१५ डिसेंबर. सरासरी ६३.६

तेल. घरात महिन्याला सहा लिटर येतं, पाच माणसांत. लिटरला ९१० ग्रॅम धरले तर माणशी दिवसाला ३६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींची जी थाळी आखून दिलीय तिच्यात तेल-तूप मिळून २७. म्हणजे साडेचार लिटर. एक तारखेला साडेचार लिटर मोजून कॅनमध्ये भरलं आणि सांगितलं, महिना यातच. कुणी विरोध केला नाही, कारण कुणाला चव कळलीच नाही. फोडणीला डाव होता तो बदलून चहाचा चमचा ठेवला एवढंच. भडंगाला वेगळं तेल काढून ठेवलंय, त्यावरून भांडण नको.

जिम. तीन महिन्यांचे ४,५०० भरले, अकरा दिवस गेले. सकाळी डबे, संध्याकाळी गिऱ्हाईक. मधल्या वेळेत जिम बंद. पैसे परत मिळत नाहीत. दोष माझाच, वेळ आधी बघायला हवी होती. पण तिथल्या पोरीने शिकवलेल्या दोन गोष्टी घरी आणल्या. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात, ते परत भरायला उचल-ठेव लागते. पाच लिटरचे रिकामे तेलाचे कॅन पाण्याने भरले, झाले पाच-पाच किलो. एक दिवसाआड वीस मिनिटं: कॅन धरून खुर्चीतून उठणं-बसणं, कॅन खांद्यापर्यंत उचलणं. एका कॅनची मूठ तुटून पाणी कापडावर सांडलं. तेव्हापासून मशीनच्या खोलीत नाही.

जेवणात उसळ दोन्ही वेळा, आठवड्यात सहा अंडी. संध्याकाळची खा-खा यानेच सगळ्यात जास्त कमी झाली.

१४ जानेवारी २०२५. सरासरी ६२.९

काल भोगीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. आज तिळगूळ. लिहिण्यासारखं काही नाही.

१६ फेब्रुवारी. सरासरी ६३.१

तीन लग्नं, एक हुरडा पार्टी. काही नाही. मुलगी म्हणते, वही कंटाळवाणी होत चाललीय. होऊ दे.

१७ मार्च २०२५. सरासरी ६२.८

वर्ष झालं. रक्त तपासलं: तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) ५.६. वजन उतरवायला सुरुवात केली तेव्हा ६.३ होती. कंबर साडेबत्तीस. वजन जवळपास तेच असून अर्धा इंच कमी, ते बहुतेक कॅनमुळे.

खर्च: किचनचा काटा ५५०, जिम ४,५००, सोडलेली शिलाई ६००, रक्ताच्या दोन तपासण्या १,६००, अस्तर ३८०. एकूण ७,६३०. यातले ५,१०० अक्कलखाती. नऊ ब्लाऊजांपैकी पाच बगलेत जोड देऊन वापरते, चार टाकून दिली.

मुलीने अमेरिकेतल्या त्या नोंदवहीचा हिशोब लावला. ७६.२ वजा ६२.८ म्हणजे १३.४. तिथे १३.६ लागतात. दोनशे ग्रॅमने नापास.

३० ला पाडवा आहे. स्वतःसाठी नवं ब्लाऊज शिवलं, जांभळा खण. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवलीय, कडा ओव्हरलॉक न करता हातानेच टाके घालून. बाहेरची टीप ६४ ची, आतली ६२-६३ ची, आज तिच्यावर हुक लागतात. तिसरी, सगळ्यात आतली, खडूने नुसती आखून ठेवलीय, मारलेली नाही. सासूबाईंनी ब्लाऊज उलटं करून माया बोटाने मोजली. बोलल्या काही नाहीत. जाता जाता हुकांचा डबा उघडून आत हुकच आहेत ना, तेवढं बघून गेल्या.